रेघ उमटली तर सुटलो

इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आधी वास आला. शिळ्या मासळीवर कोणीतरी ओलं पोतेरं टाकून विसरून गेल्यासारखा. मग जिवाणू वाढवायच्या प्लेट्स दिसल्या आणि मी किंचाळले.

मी किंचाळले की आमच्या प्रयोगशाळेत कोणी फारसं दचकत नाही. मला तिथे लवंगी म्हणतात ते उगाच नाही. पण या वेळी कारण खरोखरचं होतं. मी ज्या जिवाणूंवर काम करते ते स्वभावाने अतिशय मंद आहेत. मोहरीएवढा ठिपका उमटवायचा तर त्यांना आठवडे लागतात, तेही मनात असलं तर. त्यांना मी वाढवलं असं म्हणण्यापेक्षा त्यांची मनधरणी केली असंच म्हणायला हवं. आणि आता एकूण एक प्लेटवर या काठापासून त्या काठापर्यंत करडा, ओशट थर पसरला होता. त्यात एकाबाहेर एक अशी गोल वर्तुळं होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. माझे ठिपके त्याखाली गाडले गेले होते.

शेजारच्या टेबलावरून पैलवान धावत आला. हा माझा सहकारी. अंगावर मांस औषधालाही नाही, म्हणून त्याला पैलवान म्हणायचं. त्याने नाक दाबून प्लेटमध्ये डोकावलं.

"गेलं," तो म्हणाला. "वऱ्हाड आलंय."

वऱ्हाड हे आम्ही एका जातीच्या जिवाणूंना दिलेलं नाव. माणसांच्या, प्राण्यांच्या आतड्यात यांचं बिऱ्हाड असतं. एकटा असला की हा प्राणी अगदी गरीब. घट्ट, कोरड्या पृष्ठभागावर त्याला एक पाऊल टाकता येत नाही. पण हळूहळू गर्दी जमते, जागा दमट असते, उबही असते, आणि मग यांच्या अंगात येतं. एरवी बुटके असलेले हे लांबच लांब होतात, अंगभर शेपट्या फुटतात, एकमेकांना खेटून आडवे पडतात आणि जथ्याने निघतात. थोडं पुढे जायचं, थांबायचं, परत सगळे बुटके व्हायचे, पोटभर खायचं, पुरेसे जमले की पुन्हा निघायचं. ती वर्तुळं म्हणजे यांचे मुक्काम. आमंत्रण कोणी दिलेलं नसतं, आणि सकाळी उठून बघावं तर सगळ्या घरभर यांच्याच वळकट्या.

"कोणी आणलं?" असा आवाज मागून आला. सर उभे होते.

आमच्या सरांना पाठीमागे चकाचक म्हणतात. पुढ्यातही म्हटलं असतं तरी त्यांना ती पदवी वाटली असती. दाराच्या कडीला ते कोपराने हात लावतात, म्हणजे हात लावतच नाहीत. आमच्यापैकी कोणाच्याही स्वच्छतेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. रोज संध्याकाळी आमची आपापली टेबलं पुसून झाली की ते खिशातून साबणाची डबी काढतात, डबीतून स्वतःचा पिवळा स्पंज काढतात आणि सगळी टेबलं, खुर्च्यांच्या पाठी, इन्क्युबेटरच्या मुठी पुन्हा एकदा पुसतात. नव्या माणसाला वाटतं हा काही विधी आहे. जुन्यांना माहीत असतं की विधी असता तर निदान सुट्टी तरी मिळाली असती.

सरांनी प्लेट बघितली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या घरी तो प्राणी आहे ना?"

तो प्राणी म्हणजे माझं कासव. नाव गडबड. हे सरांना कळायचं कारण एवढंच की एकदा माझ्या पिशवीतून कोबीचं अर्धं पान निघालं आणि मी खरं सांगून बसले.

"सर, कासव घरी असतं. प्लेट्स इथे असतात."

"आणि तू दोन्हीकडे असतेस," सर म्हणाले. "हे बघ, मी कोणाचं नाव घेत नाही. पण ज्या हातांनी हे इथे आलं, ते हात सोमवारपासून मागच्या खोलीत बाटल्या धुतील. त्या माणसाला टेबल मिळणार नाही. नियम म्हणजे नियम."

नाव घेत नाही म्हणताना ते सबंध वेळ माझ्याकडे बघत होते. मागच्या खोलीला खिडकी नाही, आणि तिथे गेलेला माणूस परत टेबलावर आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. टेबल नाही म्हणजे प्रयोग नाही आणि प्रयोग नाही म्हणजे पदवी नाही. इतकी वर्षं मी मंद जिवाणूंच्या नाकदुऱ्या काढल्या त्या बाटल्या धुण्यासाठी नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तोंड उघडलं, आणि बंद केलं.

कारण मला आठवेना. त्या आठवड्यात एका सकाळी उशीर झाला होता, गडबडला पान भरवून मी तशीच पळत सुटले होते. हात धुतले होते का? धुतले असणार. धुतले होते का? माणसाला आपली सगळी भांडणं आठवतात, पण हात धुतल्याचं आठवत नाही. मला खरोखर भीती वाटली, आणि ती भीती मी रागाखाली दडपून टाकली, नेहमीसारखी.

"सर," मी म्हटलं, "आपण वऱ्हाडालाच विचारू."

या वऱ्हाडाची एक खोड आहे. दोन वेगळ्या घराण्यांची वऱ्हाडं एकाच प्लेटवर दोन बाजूंनी सोडली तर ती पसरत पसरत समोरासमोर येतात आणि थबकतात. एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ उमटते, भांडलेल्या भावांनी घातलेल्या बांधासारखी. पण दोन्हीकडचं घराणं एकच असेल तर रेघबिघ काही नाही. "अरे, तू होय!" म्हणतात आणि एक होऊन जातात. आपला कोण, परका कोण, हे त्यांना स्पर्शाने कळतं. म्हणजे माझ्या प्लेट्स खाणारं वऱ्हाड एका बाजूला ठेवायचं आणि समोर एकेका संशयिताचं. रेघ उमटली तर सुटला. नाही उमटली तर चोर सापडला.

सरांना ही कल्पना आवडली. खरं तर इतकी आवडली की त्यांनी ताबडतोब दोन्ही हात पुढे केले.

"माझ्यापासून सुरू कर. स्वच्छ हात कसा असतो ते सगळ्यांना कळू दे." मग त्यांना आणखी सुचलं. त्यांनी डबी उघडली. "आणि हाही घे. स्वच्छ वस्तूचा नमुना म्हणून."

मी कापसाचा बोळा त्यांच्या तळहातांवर फिरवला, दुसरा स्पंजावर. माझ्या स्वतःच्या हातांवरून एक फिरवला. पैलवानाने आपली व्यायामाची पिशवी दिली. तो व्यायाम करत नाही, पण पिशवी रोज आणतो. पिशवी उघडल्यावर बोळा फिरवायची गरजच नव्हती, ती नुसती शेजारी ठेवली असती तरी काम झालं असतं.

घरी आत्या माझी वाटच बघत होती. ही बाबांची थोरली बहीण. बाबा गेले तेव्हा ती चार दिवसांसाठी आली, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. गडबड मूळचं बाबांचं. मी ते सांभाळते, मला आत्या सांभाळते, आणि घरातला सगळ्यात शांत सदस्य कोण यावर दुमत नाही.

"कासवाला काय करतेयस?" तिने विचारलं. मी मोरीत उकिडवी बसून गडबडच्या शेपटीखाली बोळा न्यायचा प्रयत्न करत होते आणि ते माझ्याकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेने बघत होतं.

"चौकशी."

"त्याची? अगं, त्याला मोरीतून दारापर्यंत जायला दुपार लागते. तुझ्या ऑफिसात जाऊन ते कसलं पाप करणार?"

"ते नाही, आत्या. मी. माझ्या हातून गेलं असेल तर."

आत्याने पदर खोचला. मग तिने माझ्या हातातून गडबडला घेतलं, उलटं धरलं आणि म्हणाली, "घे लवकर. आणि निघालंच त्याच्याकडून, तर मी येते तुझ्या सरांकडे. म्हणावं मी हात लावला होता. मला टेबल नकोच आहे."

मला रडू आलं. मी तिच्यावर खेकसले आणि बोळा घेतला.

शुक्रवारी नमुने उगवले. सरांच्या हातांवरून काहीही आलं नाही. ते प्लेट घेऊन खोलीभर हिंडले आणि ती रिकामी प्लेट त्यांनी प्रत्येकाला दाखवली. माझ्या हातांवर वऱ्हाड नव्हतं, पण ते नंतरचे हात होते, त्या सकाळचे नव्हेत. कासवाकडे वऱ्हाड होतं. पैलवानाच्या पिशवीत होतं. आणि स्पंजात होतं.

स्पंजाचं बघून सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "साहजिक आहे. मी सगळ्यांची टेबलं पुसतो. तुमची घाण त्यात आली." ते इतक्या सहजपणे म्हणाले की मलाही पटलं.

मी प्लेट्स तयार केल्या. प्रत्येकीत एका बाजूला चोराचा, म्हणजे माझ्या प्लेट्स खाणाऱ्या वऱ्हाडाचा, थेंब, समोर एक संशयित. एका प्लेटमध्ये दोन्हीकडे चोरच ठेवला, म्हणजे आपला माणूस भेटल्यावर काय होतं ते बघायला मिळेल. सगळं इन्क्युबेटरमध्ये ठेवून मी घरी गेले आणि झोप आली नाही.

शनिवारी सकाळी दार उघडलं. थेंब जिथल्या तिथे होते. कोणी इंचभरसुद्धा हललं नव्हतं. एरवी बोलावल्याशिवाय येणारं वऱ्हाड आज हातपाय पोटाशी घेऊन बसलं होतं. नुसती गर्दी होती, निघायचं नाव नाही.

"ऊब आहे, खायला आहे, गर्दी आहे," पैलवान म्हणाला. "मग यांचं अडलं कुठे?"

मी प्लेटला बोट लावलं. वरचा थर कोरडा ठणठणीत होता.

"काल दुपारी त्या प्लेट्स घामट दिसत होत्या," मागून सर म्हणाले. चेहऱ्यावर केलेल्या उपकाराचं तेज होतं. "तू थेंब टाकायच्या आधी मी सगळी झाकणं काढून पंख्याखाली ठेवल्या. टिपूस राहू दिला नाही."

आता या प्राण्यांचं सगळं घोडं ओलाव्यावर अडतं. ते स्वतः थोडा बुळबुळीत रस सोडतात आणि त्यावरून घसरतात, पण मुळात जमीनच कोरडी असेल तर कितीही शेपट्या फुटल्या तरी गाडी हलत नाही. ही गोष्ट आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवतात सरच.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की पलीकडच्या विभागातले लोक दाराशी येऊन उभे राहिले, आणि पैलवानाने पिशवी पोटाशी धरली. सर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"नव्या प्लेट्स ओत," ते म्हणाले. "मी झाकणाला हात लावणार नाही."

"कोपरसुद्धा नाही."

"कोपरसुद्धा नाही."

मी नव्या प्लेट्समध्ये जिवाणूंचं खाद्य ओतलं, त्या बेताच्या सुकवल्या, थेंब टाकले आणि इन्क्युबेटरच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: 'उघडणाऱ्याला चावेन.' सरांनी संध्याकाळी टेबलं पुसली, स्पंज डबीत ठेवला आणि नेहमीप्रमाणे तो उकळून आणायला घरी घेऊन गेले. इथल्या कोणाच्या उकळण्यावर त्यांचा भरवसा नाही.

सोमवारी सगळे जमले. मी प्लेट्स टेबलावर पालथ्या ठेवल्या होत्या. मला धीर निघत नव्हता आणि ते कोणाला कळू नये म्हणून मी पैलवानालाच "घाई करू नकोस" म्हणून ओरडले.

आधी चोरासमोर चोर. प्लेटभर वर्तुळं, मध्ये काही नाही. दोन्ही बाजू अशा मिसळल्या होत्या की कोण कुठून निघालं ते सांगता येऊ नये. रेघ नसणं म्हणजे काय ते सगळ्यांनी बघून घेतलं.

मग पैलवानाची पिशवी. मधोमध रेघ.

"सुटलो," पैलवान म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मग गडबड. मला प्लेट उलटवेना. मला बाबा आठवले, मागची खोली आठवली, आणि कासवाला उलटं धरून उभी असलेली आत्या आठवली. शेवटी पैलवानाने प्लेट उचलली आणि उजेडात धरली.

रेघ होती. पातळ, सरळ, नीटनेटकी. एकीकडे चोर, एकीकडे माझं कासव, आणि मध्ये बांध. मी ती रेघ इतका वेळ बघत राहिले की पैलवानाचा हात दुखायला लागला. माझ्या हातून गेलं नव्हतं. त्या सकाळी हात धुतले होते की नाही देव जाणे, पण माझ्या घरातून काही गेलं नव्हतं.

"एक प्लेट राहिली," पैलवान म्हणाला.

"ती स्वच्छ वस्तूची आहे," सर म्हणाले. "आणि स्पंजात सगळ्यांचीच घाण आहे, तेव्हा..."

"असेना का सगळ्यांची, पण चोर माझ्या कासवाचा नाही आणि पैलवानाच्या पिशवीतला नाही, हे आत्ताच बघितलं सर," मी म्हटलं आणि प्लेट उलटली.

रेघ नव्हती. चोराचं वऱ्हाड आणि स्पंजाचं वऱ्हाड गळ्यात गळा घालून बसलं होतं.

सरांनी प्लेट घेतली, तिरपी धरली, चष्मा काढून बघितली, घालून बघितली. मग खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. काखेत कळसा, तशी ही खिशात डबी. दमट, बंद, अंगाच्या उबेला. वऱ्हाडाला यापेक्षा चांगला हॉल भाड्याने मिळाला नसता. आणि रोज संध्याकाळी सर स्वतःच्या हाताने त्यांना टेबलाटेबलावर सोडून येत होते.

"पण मी हा दर शनिवारी घरी नेतो," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "आईला देतो. आई उकळते."

त्यांनी तिथेच आईला फोन लावला. कोपराने लावता येईना, आणि फोनला हात लावायचा धीर होईना, म्हणून तो टेबलावर ठेवून एका बोटाने स्पीकरवर टाकला.

"आई, तो पिवळा स्पंज मी तुला देतो ना, तू तो किती वेळ उकळतेस?"

"कुठला रे?"

"पिवळा. डबीतला."

"तो होय!" पलीकडून आईंचा खणखणीत आवाज आला. "तो कशाला उकळायचा? तो मी शेरूला देते."

"शेरूला... कुत्र्याला देतेस?"

"म्हणजे त्याला अंघोळ घालते रे त्याने. दर रविवारी. दुसऱ्या कशाने तो ऐकतच नाही. पोटाखाली, शेपटीखाली, सगळीकडे कसा छान फिरतो तो! मग पिळून तुझ्या डबीत ठेवते. का रे, दुसरा आणलास का? हा जरा झिजलाय."

पैलवान टेबलाखाली वाकला. काहीतरी पडलं म्हणाला. बराच वेळ ते सापडलं नाही.

"नाही आई," सर म्हणाले. "ठेवतो."

मी हसणार होते. हसायचा मला पुरेपूर हक्क होता आणि आदल्या आठवड्यापासून मी तो राखून ठेवला होता. पण सर उभेच होते, आपल्या दोन्ही हातांकडे बघत, आणि मला ते हसू तोंडापर्यंत आणता आलं नाही. याचा मला आजही राग येतो.

सरांनी पांढरा कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि बाह्या वर केल्या.

"सर, कुठे?" मी विचारलं.

"बाटल्या धुवायला. ज्या हातांनी आणलं, ते हात."

"सर, राहू द्या हो. तुम्हाला थोडंच माहीत होतं?"

"तुला तरी कुठे माहीत होतं?" सर म्हणाले. "तरी मी तुला पाठवणारच होतो."

आणि ते खरंच गेले. मागच्या खोलीतून नळाचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि डोकं बाहेर आलं.

"इथे घासायला काय आहे?"

मी बाटल्यांचा ब्रश दिला. कोरा, कोरडा. त्यांनी तो घेतला, पण दार बंद केलं नाही.

"ते तुझं कासव," सर म्हणाले. "नाव काय त्याचं?"

"गडबड."

"त्याला सांग, माझं चुकलं." मग नळाकडे वळता वळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि त्याच्या मालकिणीला पण."

संध्याकाळी कोणी माझं टेबल पुन्हा पुसलं नाही. मी नव्या प्लेट्सवर माझे मंद जिवाणू लावले, त्यांना सवडीने घ्यायला सांगितलं आणि घरी गेले. आत्या दारातच होती, चप्पल घालून. सरांकडे जायची तिची तयारी पूर्ण होती. मी सगळं सांगत सांगत शेरूपाशी पोहोचले तेव्हा ती हसत पायरीवरच बसली, आणि मग मलाही हसू आलं, राखून ठेवलेलं सगळं.

मोरीत जाऊन मी गडबडसमोर उकिडवी बसले. "सरांनी सांगितलंय, त्यांचं चुकलं."

गडबडने माझ्याकडे बघितलं आणि मान आत घेतली. पायही घेतले.

"एवढ्या तेवढ्याने नाही जायचा त्याचा राग," आत्या मागून म्हणाली. "कोणाच्या घरचं आहे शेवटी!"